विलासच्या रक्तातली वाट

मी शिकवतो त्या शाळेत पोरं खिचडीसाठी रांगेत बसली होती, तेव्हा विलासच्या आईचा फोन आला. मी तिला मावशी म्हणतो. ती रडत नव्हती. "पोरा, विलास गेला," एवढंच म्हणाली आणि फोन बंद न करता तशीच थांबून राहिली. पलीकडे नागपूरच्या दवाखान्यात कुणीतरी दुसऱ्याच पेशंटचं नाव पुकारत होतं... त्याला आता दोन महिने झाले. जायच्या चार दिवस आधी त्यानं गावच्या घरून स्वतः मला फोन केला होता. "मास्तर, छाती दुखून राहिली. नागपूरले नेऊन देतोस काय?" माझ्याकडे परीक्षेचं काम होतं. उद्या सकाळी निघू, असं मी म्हणालो. सकाळी पोचलो तर त्याचे ओठ काळेनिळे पडले होते आणि त्याला एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. एक दिवस आधी आणलं असतं तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. तसं सांगता येत नाही, म्हणाले. नसता वाचला, असंही ते म्हणाले नाहीत.

लहानपणी विलासच्या गावी, कोंढ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. विलासचे डोळे कायम हळदीसारखे पिवळे. महिन्यातून चार-पाच दिवस तो यायचा नाही, आणि आला की गुडघे चोळत बसायचा. कवायतीचे सर त्याला कामचुकार म्हणत आणि मैदानाला एक फेरी जास्त मारायला लावत. त्याची धाकटी बहीण नंदा तशीच होती, त्याच्याहून अशक्त. नऊ वर्षांची असताना ती गेली. गावातले बाहेरचं लागलं म्हणाले. पुढं विलासचं रक्त तपासलं तेव्हा सिकलसेल हा रक्तपेशींचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हा आजार आई आणि बाप दोघांकडून येतो. पण त्याच्या वडिलांना, बाबूजींना, ते कधी पटलं नाही. आपले पूर्वज कुठल्याशा राजाच्या फौजेसोबत उत्तरेकडून आले, याचा त्यांना फार अभिमान. मावशीचं माहेर जंगलाला लागून. "आमच्या घरान्यात असं कोनाले नोहोतं. हे तुह्या रानातलं रक्त होय," असं ते जेवताना, पाहुण्यांसमोर, नंदाच्या श्राद्धालासुद्धा बोलत. मावशी ऐकून घेई. स्वतःचं रक्त तपासायला मात्र बाबूजींनी कधी हात पुढे केला नाही.

विलास नागपुरात एम.एस्सी. झाला आणि एका प्रयोगशाळेत कामाला लागला. या भागातली माणसं मुळात कुठून आली, कधी आली, कोण कोणात मिसळलं, हे रक्तावरून शोधायचं काम. पवनी तालुक्यातल्या गावांत नमुने घ्यायला तो मला सोबत न्यायचा, कारण मास्तर दिसला की लोक दार उघडत. तो ओसरीवर बसून सांगायचा, की आपण सगळेच फार लांबून चालत आलो आहोत, काही आधी, काही मागून. बापाकडून आलेला धागा एक वाट दाखवतो, आईकडून आलेला दुसरी. म्हातारी माणसं मान डोलवायची आणि हात पुढे करायची. सुई टोचताना त्याचा हात इतका हलका असे, की लहान पोरंही रडायची नाहीत. दुपारी एखाद्या तलावाच्या पाळीवर आम्ही डबा खायचो. तिथं एकदा तो म्हणाला, "कोन्या काळी एका मानसाच्या रक्तात एक अक्षर बदललं. त्याच्यामुळं त्याच्या लेकराइले हिवतापानं मारलं नाही. ते जगले म्हनून आपल्याकडची कितीक गावं हायेत. आन् ज्याले ते अक्षर दोन्हीकडून भेटलं, तो नंदासारखा जाते..." मग त्यानं डब्याचं झाकण लावलं. अर्धी भाकर तशीच राहिली होती.

त्या कामात त्यानं स्वतःचं रक्तही वाचलं. बाबूजींच्या नमुन्याची गरजच उरली नाही, कारण त्याच्या रक्तात दोघंही होते. दिवाळीनंतरच्या एका सकाळी त्यानं मला घरी बोलावलं. साक्षीला, असं म्हणाला. बाबूजी अंगणात खाटेवर बसले होते. "बाबूजी, ते अक्षर नुसतं मायकडून आलं असतं तर मले काही झालं नसतं. तुमच्याकडूनही आलं म्हनून मी असा हावो. आन् ते अक्षर ज्याच्यात हाये ते दोन्ही तुकडे हुबेहूब सारखे हायेत. मायचा आन् तुमचा कोनीतरी एकच पूर्वज होता, हे गाव बसायच्या कितीतरी आधी."

"मंग फौज?" बाबूजींनी विचारलं.

"फौज आली असन. पन ती आली तवा इथं मानसं होतीच. आपन त्याइच्यातलेही होय."

मावशी चुलीपाशी होती. ती दारात आली आणि बाबूजींकडे पाहून हळूच म्हणाली, "मंग मी इतके वर्सं कायले आयकून घेतलं?"

बाबूजी उठून शेताकडे गेले. त्या दिवसापासून त्यांनी मावशीला दूषण दिलं नाही, पण दुसरंही काही बोलले नाहीत. दोघं एका घरात राहिले आणि पाणी मागायलाही तोंड उघडेनासे झाले. दीड वर्षानं बाबूजी गेले, माफी न मागता. विलासनं ते मनाला लावून घेतलं. "मले वाटलं होतं, मायच्या छातीवरचा दगड काढून राहिलो," तो एकदा गाडीवर मागं बसून म्हणाला. "तिच्या ध्यानात आता नंदा रोज येते, आन् रागवायले बाबूजीही उरले नाही." त्यानंतर तो निकाल सांगायला गावोगाव जातच राहिला, पण घराघरात कुणाकडून काय आलं हे सांगताना घरातल्या बाईला आत बसू देत नसे, तिलाच समोर बसवायचा आणि तिच्याशीच बोलायचा.

मागच्या आठवड्यात त्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई कोंढ्याला आल्या. त्याचं स्वेटर, चष्मा, दोन वह्या मावशीच्या हाती दिल्या आणि एक कागद काढला. विलासचा नमुना त्यांच्याकडे अजून आहे. तो ठेवायचा की नष्ट करायचा, हे घरच्यांनी लिहून द्यायचं होतं. कुठं ठेवला हाये, असं मावशीनं विचारलं. बाईंनी समजावून सांगितलं, की एक पेटी असते, बर्फाहूनही कितीतरी थंड. तिच्यात रक्त वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं.

मावशी बराच वेळ स्वेटरवरून हात फिरवत राहिली. "जसंच्या तसं राहते तं राहू द्या," ती म्हणाली. "पन बाई, त्याले थंडी सोसत नाही. थंडीनंच त्याचे पाय दुखत..."

बाईंनी कागद मावशीपाशी ठेवला आणि त्या निघाल्या. मी काल गेलो तेव्हा तो कागद मावशीच्या उशीखाली होता. सही अजून झालेली नाही.