तांबडं फडकं बांधलेली लॉरी

दोन ड्रायव्हर झाडाखाली बसले की किस्से निघणारच. चहा निवतो, गप्पा निवत नाहीत. निम्म्या थापा असतात, मीही मारतो! पण हे किस्से आमच्या तिघांचे: मी, म्हादू आणि सांगलीचे आण्णा. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आम्ही कराडहून गूळ भरून घाटातनं चिपळूणला उतरायचो.

पेट्रोल रेशनवर, म्हणून लॉरीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली. तिच्या गॅसवर इंजिन चालायचं. एकदा भर दुपारी म्हादू भट्टी न विझवता, काचा लावून केबिनमध्येच झोपला. काय म्हणावं ह्याला! झोपेत त्याला मेलेल्या आईनं हाक मारली. धडपडत दार उघडून बाहेर पडला, म्हणून वाचला. आण्णांनी समजावलं, गॅस डोक्यात गेला की भास होतात.

म्हादू म्हणाला, "आसल. पर आण्णा, गॅसला माझं पाळण्यातलं नाव कसं ठावं?"

घाटमाथ्यावरच्या दगडापाशी गुळाचा खडा ठेवूनच गाडी खाली सोडायची, ही आमची रीत. आण्णांना असली खुळं पटायची नाहीत. एकदा ते तसेच उतरले. चिपळूणला माल उतरवताना एका ढेपेचा लचका तोडलेला, माणसाच्या दातांची खूण. वरच्या गोणपाटाची शिवण मात्र जशीच्या तशी! "उंदीर," आण्णा म्हणाले. पुढच्या खेपेला दगडापाशी सगळ्यात मोठा खडा त्यांनीच ठेवला.

घाटातला रस्ता एका गाडीपुरता. वरच्या गाड्या उतरेपर्यंत खालच्यांनी थांबायचं. उतरणाऱ्या शेवटच्या लॉरीला तांबडं फडकं बांधलेलं असायचं. ते दिसलं की रस्ता मोकळा.

श्रावणातल्या एका सकाळी मी आणि आण्णा खाली थांबलो होतो. दाट धुकं. बाकीच्या गाड्या उतरल्या, शेवटचा म्हादू तेवढा येईना. तास गेला. वर जाऊन बघावं, तर वळणावर समोरासमोर धडक व्हायची भीती. जीव टांगणीला लागला. तेवढ्यात धुक्यातनं त्याची लॉरी आली. पुढं फडकं बांधलेलं. म्हादूनं हात वर केला आणि न थांबता निघून गेला. एवढा घोर लावला आणि एक शब्द बोलला नाही, म्हणून मला लय राग आला. आम्ही गाड्या घाटात घातल्या.

सहाव्या वळणावर म्हादूची लॉरी दरडीला धडकून आडवी झालेली. म्हादू आत अडकलेला, मांडीतनं रक्त वाहत होतं, वर तेच तांबडं फडकं आवळून बांधलेलं. आणखी उशीर झाला असता तर माणूस हातचा गेला असता. आम्ही त्याला बाहेर काढलं.

त्यानं डोळे उघडले. "मी तर हितंच हाय. मग तुमाला वर कुणी सोडलं?"

आण्णा हळूच म्हणाले, "तूच की रं."