डावा बूट सांगतो

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईच्या खोलीशेजारी, बूटकाकांची खोली होती. आता तिथे रिकामे सिलिंडर ठेवतात. तरी तिकडून जाताना मला सरसाचा आणि ओल्या चामड्याचा वास येतो. तो तिथे नाही, हे मला माहीत आहे.

ज्यांचे दोन्ही पाय सारखे नाहीत, अशा लोकांचे बूट काका बनवत. माझा डावा पाय दोन बोटं आखूड आहे. सहावीत असल्यापासून मी त्यांच्याकडे जायची. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पाय आखूड नाही. जमीन खाली गेलीय. आपण ती वर आणू." मग कॉर्कचे थर एकावर एक चिकटवून त्यांनी ती आणली.

भिंतीवर शे-दीडशे खिळे होते. प्रत्येक खिळ्याला एक सुतळी, सुतळीला गाठी. पहिली गाठ चवड्याची, दुसरी घोट्याची, तिसरी पोटरीची. एक सुतळी म्हणजे एक माणूस. कुणी दारात आलं की काका त्याच्या पायांकडे बघत आणि नेमकी त्याचीच सुतळी उतरवत. चूक कधी झाली नाही. मला ते निव्वळ कसब वाटायचं.

काकांना वाचता येत नव्हतं. हे घरात काकूंनाही माहीत नव्हतं, आणि त्यांना ते कळू नये म्हणून काकांनी चौतीस वर्षं जिवाचं रान केलं होतं. मला हे सगळं पुढे काकांनीच सांगितलं. लग्न ठरवताना मध्यस्थाने "मुलगा सातवी पास" असं ठोकून दिलं होतं. काकांनी मान हलवली आणि अडकले. काकूंना तर पुस्तकांचं वेड. रोज संध्याकाळी त्या मोठ्याने वाचत, काका घरी आणलेलं काम शिवत ऐकत. पत्र आलं, सरकारी कागद आला, की काकांचं एकच, "तूच वाच. तुझा आवाज चांगला आहे." एवढ्यावर संसार निभावला.

मग साखरेने काकूंचे डोळे गेले. तेव्हा एक जाड कादंबरी चार प्रकरणं वाचून झाली होती. काकू म्हणाल्या, "अहो, आता तुमची पाळी."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी चामड्यात गुंडाळलेलं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

"काय विदुषी, साहित्यात एम.ए. झालीस ना? खूण घातलीय तिथून वाचून दाखव जरा. शिकलेली माणसं कशी वाचतात ते बघू."

अद्भुत कादंबरी होती. ती सांगत होता एका राक्षसाचा डावा बूट. त्याने राजे पाहिले होते, पण फक्त अंगठ्यापासून घोट्यापर्यंत. आभाळ त्याला डबक्यात दिसे. त्याचा जुळा भाऊ, उजवा बूट, दलदलीत रुतून हरवला होता आणि राक्षस एका पायावर उड्या मारत त्याला शोधत होता.

काका हातातली आरी थांबवून ऐकत. मध्येच लेखकाशी भांडत.

"याला वास कसा येत नाही? बुटाला आधी वास येतो, मग दिसतं."

"काका, बूट बोलतो हे तुम्हाला चालतं?"

"बोलू दे की. बूट बोलतातच. एका पायावर उड्या मारतोय ना हा राक्षस? मग आठव्या दिवशी टाचेची शिवण उसवणार. लिहिलंय का तसं? नाही ना? हा लेखक अनवाणी फिरत असणार."

एका प्रकरणात डावा बूट झोपण्याआधी शेजारच्या मोकळ्या जागेशी बोलतो. तिथे काका नुसते म्हणाले, "परत वाच." मी तीनदा वाचलं.

रोज एक प्रकरण. संपलं की पुस्तक गुंडाळून घरी. मला वाटायचं, माणूस घरी पुन्हा वाचतोय. केवढी गोडी.

अकरावं प्रकरण झालं आणि मला नोकरीच्या मुलाखतींसाठी बाहेर जावं लागलं. अठरा दिवसांनी परतले तर खोलीला कुलूप. काका तापाने घरी होते. मी घरी गेले.

काकू खिडकीशी लसूण सोलत होत्या. काका कॉटवर, गळ्याला मफलर.

"ये गं," काकू म्हणाल्या. "तुझी पावलं जिन्यातच ओळखली. बस. काय पुस्तक आहे ते! उजवा बूट सापडला, माहितीय ना?"

मला माहीत नव्हतं. शेवट आधी वाचायची मला वाईट खोड आहे. त्या पुस्तकात उजवा बूट बाराव्या प्रकरणात जळतो. पुढे उरते ती फक्त त्याची राख.

"तळ्याच्या तळाशी आहे तो," काकू सांगत होत्या. "मासोळ्यांनी त्यात शाळा काढलीय. मास्तरीण कोण, तर एक आंधळी कासवीण. तिला सगळं तोंडपाठ. उजवा बूट निरोप पाठवतो, भावाला सांगा, मला येता येणार नाही, माझ्यात पोरं बसलीत."

"काकू, हे कितव्या—"

मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या बुटांकडे पाहत होते. मला त्यांची ती भिंत आठवली. एवढे खिळे, एवढ्या सुतळ्या, आणि कुठे एक अक्षर नाही. मी बारा वर्षं त्या भिंतीसमोर बसले होते.

"यांचा घसा बसलाय," काकू म्हणाल्या. "शेवटचं प्रकरण राहिलंय म्हणतात आणि तीन दिवस मला टांगून ठेवलंय. तू आलीस ते बरं झालं. वाच."

त्यांनी चाचपडत उशाजवळचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. काकांनी डोळे मिटून घेतले.

मी शेवटचं प्रकरण उघडलं. पहिल्याच ओळीत राख होती, भावाची. तेवढी एक ओळ पुरली असती. चौतीस वर्षं तिच्याबरोबर गेली असती.

मी पानावर नजर ठेवली आणि मनाने बोलायला लागले. "तळ्याकाठी डाव्या बुटाला आपल्या अस्तित्वाचं एकाकीपण जाणवलं."

"काय जाणवलं?"

"एकाकीपण."

"बूटच आहे ना तो?"

"हो."

"मग चिखल जाणवेल. बरं, पुढे."

"त्याच्या अंतर्मनात विरहाची—"

काकूंनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "पोरी, राग मानू नकोस. तुला वाचता येत नाही. दे त्यांच्याकडे. बसक्या आवाजात चालेल मला."

एम.ए.ला मला पहिला वर्ग होता.

काका उठून बसले. चष्मा लावला, पुस्तक मांडीवर घेतलं. घोगऱ्या आवाजात डावा बूट तळ्यात उतरला. पाणी आधी टाचेच्या उसवलेल्या शिवणीतून आत आलं, मग नाडीच्या भोकांतून. खाली अंधार होता. त्या अंधारात त्याला वास आला, आपल्याच कातड्याचा. एकाच जनावराच्या पाठीतून दोघं कापले गेले होते. काकू गालात हसल्या. "हं," म्हणाल्या.

मी थक्क होऊन ऐकत होते. पाच वर्षं मी साहित्य शिकले. असं मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

काकांची नजर पुस्तकावर नव्हतीच. ती काकूंच्या चेहऱ्यावर होती. कासवीण शाळा सोडत होती, पोरं एकेक करून डाव्या बुटात येऊन बसत होती, आणि काका रंगात आले होते. कितीतरी वेळ तेच पान उघडं होतं. काकूंची मान किंचित कलली. त्यांचा कान पुस्तकाकडे वळला.

मी हात पुढे केला आणि पान उलटलं. जरा आवाज होईल असं.