दादाचे डबे आणि माझे कान

हे लिहायला बसलो त्याबद्दल आधीच माफ करा. आमच्या घरात सहीपलीकडे फारसं कोणी लिहिलेलं नाही. मी शिकलो ते विज्ञान, आणि तिथे प्रयोग, निरीक्षण, निष्कर्ष एवढंच लिहायचं असतं. हे तसं लिहून पाहिलं. निरीक्षणापर्यंत आलो आणि पुढे हात चालेना. तरी लिहितो, कारण आमच्या गल्लीत हे लिहिणारं दुसरं कोणी नाही.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. सुरतेत बमरोलीला राहायचो. पॉवरलूमच्या कारखान्याला तिकडे खातं म्हणतात. आमच्या खोलीची मागची भिंत आणि खात्याची भिंत एकच होती. लूम चालू असले की फळीवरचे पेले किणकिणायचे, आणि ते थांबले की आम्हाला जाग यायची. वडील त्याच खात्यात होते. ते गेल्यावर माझ्या थोरल्या भावानं, दादानं, शाळा सोडली आणि त्यांचे लूम धरले. त्यामुळे मी कॉलेजात जाऊ शकलो.

दादाला खात्यातून बाहेर पडायचं होतं. एवढी एकच गोष्ट त्यानं कधी स्वतःसाठी मागितली. त्याचा विचार साधा होता. हळद, बारसं, भजन, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी असे छोटे कार्यक्रम आपल्या लोकांत सतत होतात, आणि मोठा डीजे कोणाला परवडत नाही. आपण आपला साउंड बनवायचा, आणि तो नीट चालू लागला की लूम सोडायचे.

कॉलेजच्या लायब्ररीतून मी अॅम्प्लिफायरचा नकाशा उतरवून आणला. ट्रान्सफॉर्मर भंगार बाजारात मिळाला, स्पीकर एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून. स्पीकरचे डबे दादानं खोक्यांच्या फळ्यांचे केले. आवाजाची हवा बाहेर यायला डब्याला भोक लागतं, त्यात त्यानं कापडाचा ताका गुंडाळतात ती पुठ्ठ्याची नळी बसवली. पुढच्या बाजूला मायनं खात्यातलं ग्रे, म्हणजे बिनरंगवलेलं कोरं कापड ताणून शिवलं. रविवारी तो तारांना झाळ मारायचा आणि मी नकाशा धरून बसायचो.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा माइक मायच्या हातात दिला. आमच्या भागात कानबाईची गाणी मायनंच सुरू करायची असा रिवाज पडला होता.

"मना आवाज मशीनमा कसाले टाकतस रे?" ती लाजून म्हणाली. मग गायली.

दादा आवाजाची धार वाढवणारं बटण फिरवत गेला, अगदी शेवटपर्यंत. मायचा आवाज पातळ होत पत्र्यासारखा कर्कश झाला. माझ्या कानात कळ आली.

"दादा, टोचतंय रे."

"आते कसं साफ आयकू येस!" तो म्हणाला. इतका आनंदी मी त्याला क्वचितच पाहिला होता. पाळी सुटलेले गल्लीतले कारागीर दारात जमले होते. त्यांनीही माना डोलावल्या. त्यात आमचे काका होते. ते म्हणाले, "पुस्तकं वाची वाची याना कान मऊ पडी गयात!" सगळे हसले. मीही हसलो. इतके जण म्हणतात तर माझंच काही चुकत असेल असं मला वाटलं. मायनं फक्त पदर कानावरून घट्ट ओढून घेतला.

पहिलं बाहेरचं काम कोसाडला मिळालं. बांधकामावर जाणाऱ्या, मराठवाड्यातून आलेल्या एका घरची हळद होती. दादानं धुतलेला शर्ट घातला होता. त्यानं बटण नेहमीच्या जागी नेलं, कॅसेट लावली, आणि मांडवातल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. एक पोर रडायला लागलं. एक म्हातारी ओरडली, "बंद करा की ते! कानात खिळे ठोकायलेत का?"

दादा तिच्याकडे बघून हसला. तिनं तारीफ केली असं त्याला वाटलं. नवऱ्यामुलाचा भाऊ जवळ आला आणि थट्टेनं म्हणाला, "काय मालक, बहिरे आहात का?"

तेही दादाला नीट कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन बटण मागे आणलं. मांडवातले हात खाली आले, बायका गाऊ लागल्या. दादा मात्र स्पीकरच्या जवळ सरकत गेला, जवळ, आणखी जवळ, आणि कपाळाला आठ्या घालून तिथेच उभा राहिला.

परत येताना टेम्पोत त्यानं विचारलं, "तुले बी असंच आयकू येत व्हतं?"

"हो."

"पह्यलेपासून?"

"मी म्हटलं होतं दादा, टोचतंय."

तो डब्यावरच्या ग्रे कापडाची सुरकुती सरळ करत राहिला. मग म्हणाला, "मंग मी काय आयकत व्हतू?"

मग उमगलं. तो साउंड खात्यातल्या कानांनी बसवलेला होता. त्याला पसंती देणारे कानही खात्यातलेच होते. लूमच्या आवाजानं आपले कान गेलेत हे गल्लीत कोणाला माहीत नव्हतं, कारण सगळ्यांचे सारखेच गेले होते. आमच्याकडे सगळेच मोठ्यानं बोलायचे. मला तो आमचा स्वभाव वाटायचा.

मी दादाला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. लूम सोडले तर उरलंय ते टिकेल. बाहेर आल्यावर दादानं मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी काही न गाळता सांगितलं. तो म्हणाला, "मग डबेच आपल्याला सोडवतील. हात माझे, कान तुझे."

खात्यात आवाजामुळे बोलता येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. चिमूट धरून झटकन ओढली की धागा तुटला. मूठ खाली दाबली की लूम हळू कर. आणि हवेत तळहात सपाट फिरवला, कापडावरून फिरवावा तसा, की कापड चांगलं येतंय. त्या खुणा आम्ही कार्यक्रमात वापरल्या. दादा मशीनपाशी बसायचा, मी लोकांच्या मागे उभा राहायचो. चिमूट ओढली की आवाज टोचतोय, मूठ दाबली की घुमतोय. शेवटी मी तळहात सपाट फिरवायचो आणि तो बटणावरचा हात काढून पाय पसरायचा. लोकांना वाटायचं, दोघे भाऊ लांबून काहीतरी थट्टा करताहेत.

त्या हंगामात कामं येत गेली. कडोदऱ्याहूनही बोलावणं आलं. आता लूम सोडतो असं दादा मायला म्हणूही लागला होता, आणि नेमका तेव्हाच मला बडोद्याला एमएस्सीला प्रवेश मिळाला.

मी जाणार नाही म्हटलं. तो चिडला. मग मायकडे वळून म्हणाला, "लोकेस्ना भाऊ शिकाले जातस. मना ते कानच चालनात बडोद्याले." माय हसली नाही. तोच हसला, मोठ्यानं, आणि माझी ट्रंक उचलून बाहेर गेला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं समजलं. माझ्या जागी त्यानं एक-दोघांना उभं करून पाहिलं, पण तेही खात्यातलेच. माइक शिट्ट्या मारायचा आणि त्यांना तो सुरेल वाटायचा. बोलावणी थांबली. लूम सोडायचे राहिले. उलट त्यानं दुसरी पाळी धरली. फोनवर तो एकटाच बोलायचा, "बरा आहेस ना? बरं," आणि माझं उत्तर यायच्या आत फोन मायला द्यायचा.

श्रावणात कानबाई बसली तेव्हा माझी परीक्षा होती. जाता आलं नाही. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळीसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं धान्य दळतात, आणि तो भाऊबंदांनीच खायचा असतो. माझा वाटा घेऊन काका होस्टेलवर आले. ते खात्यात बोलतात तसेच बोलले, त्यामुळे सगळ्या मजल्यानं ऐकलं.

काका सांगत होते, कानबाईच्या विसर्जनाच्या सकाळी दादानं डबे मांडले होते. माय गायला उठली. मशीनचा लाल दिवा लागला होता, पण आत कुठेतरी तार सुटली होती. डबे मुके होते; बायकांनी काकांना तसं खुणावलं. माय माइक धरून नुसती गळ्यानं गात होती आणि बायकांनी तिचं गाणं उचललं. दादाला कोणी सांगितलं नाही. दादानं डब्यावर तळहात ठेवून पाहिला. भिंतीपलीकडे लूम चालू होते, त्यानं डबा थरथरत होता. डबे वाजताहेत अशी त्याची खात्री पटली.

"मंग त्यानी मांगे देखं," काका म्हणाले. "जठे तू उभा ऱ्हास, तठे. तठे मीच व्हतू."

"मग?"

काकांनी रोटाची पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवली आणि तळहात हवेत सपाट फिरवून दाखवला.