ओट्यावरचा रामराम

नव्वदीच्या सुरुवातीला मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतला एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो. नागरी हक्क संरक्षणाचा कायदा अभ्यासक्रमात होता. अस्पृश्यता पाळून कुणाला एखाद्या वस्तीत राहण्यापासून अडवलं तर तो गुन्हा ठरतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो आणि पोरं ते उतरवून घ्यायची. परीक्षेत त्याला पाच मार्क होते. गावात एकही नव्हता.

आम्ही बौद्ध. खोली शोधताना मी तसं सांगायचो, आणि सांगितलं की घरमालकाचा पुतण्या राहायला येणार असायचा. त्या उन्हाळ्यात कर्जतला इतके पुतणे येणार होते, की खरंच आले असते तर ग्रामपंचायतीची नगरपालिका करावी लागली असती. पुतण्यापुढे कायदाही हात टेकतो. नाही असं कुणी म्हटलेलंच नसतं, मग तक्रार कशाची करणार?

इकडे बायकोला सातवा महिना लागला होता. आमच्या पत्र्याच्या खोलीत नळ नव्हता. ती हापशावरून कळशी भरून आणायची, आणि वाटेत दोनदा टेकायची.

मग एक घर दिसलं. वरचा मजला, मोरीत नळ, दवाखाना हाकेच्या अंतरावर. मालक महसूल खात्यातून निवृत्त झालेले. दारावरच्या पाटीत नाव शोधावं लागे, इतके त्यावर 'माजी' होते. जयंतीच्या कार्यक्रमात समतेवर दरवर्षी त्यांचंच भाषण व्हायचं, आणि ते चांगलं व्हायचं. आमचं आडनाव गावाच्या दोन्ही अंगांना सापडणारं. ते ऐकून ते खुशीत म्हणाले, "म्हणजे आपल्यातलेच की, सर!"

मी हसलो. हसण्याला कुठलंच कलम लागत नाही.

सामान लावताना बुद्धाची तसबीर ट्रंकेत, साड्यांखाली गेली. मी म्हणालो, "बाळंतपण होईस्तोवर." बायको ट्रंकेचं झाकण लावत म्हणाली, "आणि बाळाने विचारलं तर? त्यालाही हसूनच दाखवायचं?"

महिन्याभरात वडील भेटायला आले. ते बेलापूरकडचे, साखर कारखान्यात कामगार होते. धर्मांतर झालं तेव्हा ते ऐन तरुण होते, आणि त्या दिवसापासून त्यांनी रामराम टाकला तो टाकलाच. गावातल्या बड्या शेतकऱ्याने रामराम घातला तरी ते जयभीमच म्हणायचे. त्यापायी सुगीची कामं गेली, एकदा मारही खाल्ला. लहानपणी आम्हाला त्याचा फार अभिमान होता.

स्टँडवरून घरी येताना मला त्यांना सांगायचं होतं. मी ऊन, एसटीची गर्दी, उसाचं टिपरू, सगळ्यावर बोललो. शेवटी घराच्या वळणावर म्हणालो, "आण्णा, आमचे मालक जरा जुन्या वळणाचे आहेत."

ते थांबले. "त्याला काय सांगितलंयस?"

"काहीच नाही."

"आन् त्यानं काय धरलंय?"

मी त्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि ती पुन्हा नीट बसवली. "चल," म्हणाले.

मालक ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. वडील ओट्याजवळ गेले, वाकले, हात जोडले.

"रामराम, मालक."

"रामराम, रामराम! सरांचे वडील ना? बसा, बसा. अहो, चहा टाका, पाहुणे आलेत!"

वडील बसले. दोघं पाटपाण्यावर बोलले, कारखान्याच्या संचालकांना दोघांनी मिळून शिव्या दिल्या. मी पिशवी धरून उभा. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा सर, जुनी माणसं. बोलण्यातच संस्कार कळतो." वडलांनी बशीतला चहा संपवला आणि बशी स्वतः विसळायला उठले. मालकीणबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "अहो, काय हे! परके का तुम्ही?"

वर आल्यावर त्यांनी भिंतींकडे एकदा पाहिलं. तसबिरीचं विचारलं नाही. मोरीत जाऊन नळ सोडला आणि पाण्याकडे बघत उभे राहिले.

"दोन टाइम येतं?"

"हो."

"मग ऱ्हावा हितंच. पोरीला कळशी उचलू दिऊ न्हाई."

मला ते चिडायला हवे होते. ओट्यावर उभं राहून त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या, तर घर गेलं असतं, पण मला निदान वर मान करून त्यांच्याशी भांडता आलं असतं.

राहायचं म्हणून आले होते, पण दुसऱ्याच दिवशी निघाले. म्हणाले, "कामं हाईत." उन्हाळ्यात त्यांना काही काम नसायचं. मी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी चालू झाली, तसे ते खिडकीतून वाकले आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले, "जयभीम, बाळ!"

मी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. ओळखीचं कुणी नव्हतं. मग मी त्यांच्याकडे वळून जयभीम म्हणालो. पण माझी मान आधी कुठं वळली, ते त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं.