गोलामागची उल्का साळोखे

उल्का साळोखे खालच्या आवाजात बोलते असं सिंगापुरात कुणी सांगितलं, तर खुशाल समजावं की तो माणूस तिला भेटलेलाच नाही. बेचाळीस वर्षांची, पाच फूट एक इंच उंचीची ही बाई चोआ चू कांगमध्ये अकराव्या मजल्यावर राहते आणि पश्चिमेकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळते. नवरा नरेश चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या आयटीत आहे. तो सकाळी बेटाच्या या टोकावरून त्या टोकाला जातो, संध्याकाळी परत येतो आणि दोन्ही वेळा एमआरटीच्या गाडीत झोप काढतो. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी उल्काचं आडनाव साळोखेच राहिलं आहे. नरेशच्या पुण्याच्या घरच्यांनी एकदा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्या नावात काय खोट हाय?" त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

ती मूळची कोल्हापूरची. तिथे फुटबॉल हा पेठेच्या अब्रूचा प्रश्न असतो. उल्काचे वडील रवींद्र साळोखे तालमीच्या संघाचे गोलकीपर होते, आणि ही पोरगी गोलाच्या मागे त्यांच्या चपला मांडीवर घेऊन बसायची. बाराव्या वर्षी तिने "मला पण खेळायचंय" असं जाहीर केलं, तेव्हा अख्खी तालीम हसली. वडीलही हसले. ते हसणं तिने आजतागायत माफ केलेलं नाही. त्यामुळे २०१३ मध्ये "मुलींच्या फुटबॉल संघासाठी मॅनेजर हवा" अशी ईमेल पॉलिटेक्निकभर फिरली, तेव्हा बाकीच्यांनी ती न वाचता पुसली आणि उल्काने दोन मिनिटांत उत्तर पाठवलं. मॅनेजर म्हणजे जर्सी मोजणारं, पाण्याच्या बाटल्या भरणारं आणि मुलींच्या घरच्यांचे फोन नंबर जवळ ठेवणारं माणूस. शिकवायला कोच फैझल होते. पण कोच फैझल शांत गृहस्थ, आणि उल्काचा आवाज दोन मैदानं ओलांडून जायचा, त्यामुळे मुली ऐकायच्या कुणाचं हे सांगायला नको.

कोल्हापुरातून तिने एक रीत सोबत आणली होती. मॅचच्या दिवशी वडील घराबाहेर पडताना आई त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवायची. संघात अकरा जण असले तरी दही गोलकीपरच्या हातावर, कारण त्या घराला तेवढाच एक गोलकीपर माहीत होता. उल्का इथेही तसंच करायची. २०१५ साली तिचा संघ पहिल्यांदाच पॉलिटेक्निकांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला, तेव्हा ती पहाटे घरी विरजलेलं दही डब्यात घेऊन स्टेडियमवर गेली आणि तिने गोलकीपर हुई मिनच्या हातावर तीन चमचे वाढले. एकाने काय होतंय, फायनल आहे म्हणून तीन.

हुई मिन उंच, सडपातळ आणि अबोल पोरगी. तिने सगळं चाटून खाल्लं.

शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत शून्य-शून्य. मग समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला, चेंडू वर आला आणि हुई मिन जागची हललीच नाही. पोट धरून ती गोलाच्या खांबाला टेकली होती. गोल झाला, सामना गेला. "प्रेशरमध्ये घाबरली," असं सगळे म्हणाले. पॉलिटेक्निकच्या फेसबुक पानावर कुणीतरी तो फोटो टाकला, खांबाला टेकलेली गोलकीपर, आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. हुई मिनने कुणालाच काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी तेच दोन संघ पुन्हा अंतिम सामन्यात आले. सामन्याला तीन आठवडे उरले असताना क्रीडा विभागाचे प्रमुख मिस्टर ओंग यांनी कळवलं की या वेळी गोलात पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी राहील. हुई मिन तिसऱ्या वर्षाला होती. म्हणजे पुन्हा संधी नाही. ती प्रयोगशाळेत आली आणि गोलकीपरचे हातमोजे धुऊन, वाळवून, घडी घालून उल्काच्या टेबलावर ठेवू लागली. उल्काचं डोकंच फिरलं.

"भांडत का नाहीस गं? तोंड शिवलंय का तुझं?" हे अर्थात इंग्रजीत, पण तिचं इंग्रजीही कोल्हापूरचंच. मग स्वतःचाच आवाज जरा चढलाय असं वाटून तिने पॅन्ट्रीत जाऊन दोन कप चहा केला, भरपूर दूध घातलेला, आणि एक हुई मिनपुढे सरकवला.

हुई मिनने कप बोटाने हळूच परत सरकवला. "सॉरी आंटी. दूध मला चालत नाही. पोट बिघडतं."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. आमच्या घरी कुणालाच चालत नाही."

उल्का खुर्चीत बसली. दूध चालत नाही, म्हणजे दहीही नाही. तीन चमचे. खांबाला टेकलेली पोरगी. तिला लाज वाटली, आणि उल्काला लाज वाटली की मागोमाग राग येतोच, तसा तो आला. "मग तेव्हा बोलली का नाहीस? वर्षभर लोकांचं ऐकून घेतलंस!"

हुई मिनने हातमोज्यांची घडी पुन्हा सारखी केली.

उल्का त्याच पावली मिस्टर ओंग यांच्या केबिनमध्ये गेली. बसा म्हणायची तिने वाट पाहिली नाही. "मागच्या वर्षीची फायनल हुई मिनमुळे नाही गेली, सर. माझ्यामुळे गेली. दही माझं होतं." मिस्टर ओंग यांना संघ हरल्याची शंभर कारणं ऐकून माहीत होती, दही हे कारण त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. मग ते म्हणाले, हुई मिन खेळेल. पण मिसेस साळोखे सामन्याच्या दिवशी बेंचवर बसणार नाहीत आणि कुठल्याही खेळाडूला काहीही खायला देणार नाहीत. आणि हुई मिनच्या चुकीने गोल झाला, तर पुढच्या वर्षी मॅनेजर दुसरा.

"चालेल," उल्का म्हणाली. "लिहून द्या."

"लिहून?"

"ईमेल करा, सर. लिहिलेलं असलं की त्यात काय आहे ते कळतं आणि काय नाही तेही कळतं."

संध्याकाळी नरेशने डोक्याला हात लावला. "अगं, माफी मागायची आणि गप्प बसायचं. तुझं मॅनेजरपण त्यांच्याच हातात आहे ना?"

"माफी मागितली की. गप्प बसायचं कुणी ठरवलं?"

मग एक नवीनच पंचाईत झाली. डिसेंबर संपत आला होता आणि रोज दुपारी सराव सुरू झाला की वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की मैदान बंद. बंदिस्त हॉल बॅडमिंटनवाल्यांनी महिनाभर आधीच अडवलेला. चार दिवस असे गेल्यावर उल्काने हुई मिनला सरळ आपल्या इमारतीखाली बोलावलं. खालचा खांबांचा मोकळा मजला, इथे त्याला व्हॉइड डेक म्हणतात, तिथे ऐसपैस जागा होती. भिंतीवर पाटीही होती, 'नो बॉल गेम्स'.

उल्का घरातून मोज्यांची बादली घेऊन खाली उतरली. नरेशचे, स्वतःचे, शेजारच्या स्मिताकडून मागून आणलेले, सगळ्यांच्या घट्ट गुंडाळ्या केलेल्या. हुई मिनला दोन खांबांच्या मध्ये उभं केलं आणि सहा पावलांवरून तिने मारा सुरू केला. डावीकडे, उजवीकडे, तोंडावर, घोट्याशी. मोजा हलका असल्याने हवेत वळतो, कुठे येईल याचा नेम नसतो. पहिल्या दिवशी हुई मिनने निम्मे सोडले. तिसऱ्या दिवशी दहातले आठ धरले. मध्येच उल्का ओरडायची, "ओरड! चेंडू माझा म्हणून ओरड! मनातल्या मनात म्हटलेलं कुणाला ऐकू येत नाही!" हुई मिनच्या तोंडून आवाज काही फुटायचा नाही.

पाचव्या दिवशी दगडी बाकावर बसणाऱ्या एका आजोबांनी पाटीकडे बोट दाखवलं. "नो बॉल गेम्स. कॅनॉट लाह."

उल्काने एक गुंडाळी उलगडली आणि त्यांच्यासमोर धरली. "सॉक्स, अंकल. नॉट बॉल."

आजोबांनी मोजा पाहिला. मग पाटी पाहिली. मग पुन्हा मोजा पाहिला. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या बाकावर येऊन बसले आणि हुई मिनच्या हातून सुटलेले मोजे मोजून सांगू लागले. हुई मिन मात्र त्या पाटीकडे बघून पहिल्यांदाच मोकळेपणी हसली, आणि तिच्या डोक्यात काहीतरी पक्कं बसलं. ते काय, हे उल्काला तेव्हा कळलं नाही.

सामन्याच्या दिवशी उल्का बेंचकडे फिरकली नाही. मैदानाला वळसा घालून ती गोलाच्या मागे, कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिली. ईमेलमध्ये बेंच लिहिलं होतं, गोलाची मागची बाजू लिहिलेली नव्हती. तीस वर्षांपूर्वी वडिलांच्या चपला घेऊन ती जिथे बसायची, ती हीच जागा. आज हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत ते तिला सुचत नव्हतं. पोरीने एक जरी सोडला तरी लोक म्हणणार, बघा, पुन्हा घाबरली. स्वतःचं मॅनेजरपण गेलं तर गेलं. पण तो फोटो पुन्हा निघता कामा नये, एवढंच तिला हवं होतं.

खेळाडू मैदानात उतरले तशी हुई मिन पिशवी घेऊन सरळ कुंपणाशी आली. पिशवीतून तिने झाकणाचा डबा काढला. आत हॉकर सेंटरवरच्या खाण्याच्या टपरीतलं ताऊ हुए होतं. सोयाबीनच्या दुधाचं, दह्यासारखं पांढरं, मऊ, वर साखरेचा पाक घातलेलं.

"अगं ए! काय करतेस?" उल्का दोन पावलं मागे सरली. "मी तुला काही द्यायचं नाही! ईमेल आहे!"

"माहीत आहे, आंटी. तुम्ही मला द्यायचं नाही." हुई मिनने कुंपणाच्या जाळीखालून चमचा पुढे केला. "मी तुम्हाला द्यायचं नाही, असं कुठे लिहिलंय? हात पुढे करा."

उल्काने आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर न देता सांगितलेलं ऐकलं. हात जाळीखालून पुढे केला. तळहातावर गार, गुळगुळीत चमचाभर आलं.

"मागच्या वर्षी का बोलले नाही विचारत होतात ना?" हुई मिन म्हणाली. "तुम्ही दही वाढलंत तेव्हा तुमचा हात थरथरत होता. माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरला होतात. तुम्हाला नाही कसं म्हणणार?" तिने हाताकडे नीट पाहिलं. "आजही थरथरतोय. खा."

उल्काने खाल्लं. हुई मिन डबा जाळीखालून तिच्याकडे सरकवून गोलात जाऊन उभी राहिली.

पूर्वार्धात उल्काच्या संघाने एक गोल मारला. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या तशी उल्काही डबा घेऊन दुसऱ्या गोलामागे गेली, आणि उत्तरार्ध सगळा हुई मिनच्या अंगावर आला. तिने दोन फटके अडवले, एक खांबाला लागून गेला. शेवटची काही मिनिटं उरली असताना समोरच्यांना कॉर्नर मिळाला. तोच कोपरा, तसाच उंच चेंडू. उल्काने जाळी दोन्ही हातांनी धरली आणि ओरडायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच मैदानातून आवाज आला. कर्कश, चिरका, दोन मैदानं ओलांडून जाणारा. "माझा!"

मराठीत. मोजे मारताना उल्का भान विसरून ज्या भाषेत ओरडायची, त्या भाषेत. मैदानातल्या कुणालाच शब्द कळला नाही, पण सगळ्या बाजूला झाल्या. हुई मिनने हवेत उडी घेऊन चेंडू छातीशी धरला, खाली पडली आणि तशीच दाबून धरून पडून राहिली.

शिट्टी वाजली. एक-शून्य. मुली हुई मिनच्या अंगावर कोसळल्या आणि उल्का कुंपणाबाहेर एकटी उभी राहून मोठ्याने रडली, कारण खालच्या आवाजात तिला तेही जमत नव्हतं.

मिस्टर ओंग वळसा घालून तिच्याकडे आले. अभिनंदन म्हणायला हात पुढे केला आणि हात मिळवल्यावर त्यांनी आपली बोटं पाहिली. चिकट झाली होती. मग त्यांची नजर कुंपणाशी ठेवलेल्या डब्यावर गेली.

"मिसेस साळोखे, तुम्ही तिला खायला दिलंत?"

"नाही, सर. तिनं मला दिलं."

त्यांनी फोन काढला, स्वतःचीच ईमेल शोधली आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली. उल्काने डबा उचलला आणि उरलेलं ताऊ हुए त्यांच्यापुढे धरलं.

"तुम्हाला द्यायचं नाही, असंही त्यात नाही," ती म्हणाली. "हात पुढे करा."