मुक्ताची नवी गाणी

माझी भाची मुक्ता स्वतः गाणी लिहिते आणि गिटारवर गाते. तिचा पहिला अल्बम कॉलेजच्या पोरांनी डोक्यावर घेतला होता. दुसरा तिने वडील गेल्यावर केला. त्यातली गाणी संथ आहेत, त्यांच्या आजारपणातली आहेत. "आधीची मजा नाही राहिली," असं बऱ्याच जणांनी लिहिलं.

परवा नाशिकला एका लहानशा सभागृहात ती गायली. लोक जुन्याच गाण्यांची फर्माईश करत होते. तिने तीही गायली, आणि मग बाबांना भरवतानाचं नवं गाणं धरलं. ते संपलं तेव्हा कुणीच टाळी वाजवली नाही. मुक्ताचा चेहरा उतरला.

माझ्या शेजारचे गृहस्थ मात्र चष्मा काढून डोळे पुसत होते. एखादं गाणं आवडणं वेगळं आणि आत लागणं वेगळं, असं त्यांच्याकडे बघताना वाटलं. लागल्यावर टाळीचं भान कुठून राहणार?

ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, "ताई, मीही आईला असंच भरवायचो."

मुक्ताने विचारलं, "काय आवडायचं त्यांना?"

"मऊ भात. शेवटी शेवटी तोही नको म्हणायची."

"बाबाही," मुक्ता म्हणाली.