टीव्हीतला चहा पिणारा माणूस

आमच्या किल्लीवाल्या आबांइतका नात्यागोत्यांत आकंठ बुडालेला माणूस लोणावळ्यात पुन्हा होणे नाही. आणि गंमत अशी की त्यांचं स्वतःचं नातेवाईक म्हणावं असं कुणीच नव्हतं. मूळचे ते कुरवंड्याचे, पण तिथलं घर कधीच संपलेलं. मुंबईच्या लोकांचे बंद बंगले ते सांभाळत आणि त्यातल्याच एका बंगल्याच्या मागच्या खोलीत राहत. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की माणूस वळणावर दिसायच्या आधी ऐकू येई. आमचं चिक्कीचं दुकान पुढे आणि घर मागे. संध्याकाळी किल्ल्या वाजल्या की आई न बोलता गुळाचा चहा वेगळा टाकायची. आबा दारालगतच्या बाकावर अगदी कडेला बसत, चहा पीत, आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला "कुणाचे तुमी?" असं विचारून आमच्या धंद्याचं नुकसान करत. एकदा पाव किलो चिक्की घ्यायला आलेल्या एका पाहुण्याची आत्या वडगावात दिलेली निघाली, आणि चिक्की तागडीत असतानाच आबांनी त्याला माझ्या वडिलांचा लांबचा मेहुणा ठरवलं. मेहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे, म्हणून वडील दात-ओठ खात हसले. एस.टी. स्टँडवर जागेवरून गुद्द्यावर आलेल्या दोघांना ते एकमेकांचे चुलत साडू लागतात हे आबांनी तिथल्या तिथे पटवून दिलं. भांडण मिटलं नाहीच, पण निदान घरातलं झालं.

लग्नात तर आबांवाचून पान हलत नसे. व्याहीभेटीला मामाला मामा, चुलत्याला चुलता अशा जोड्या लावायच्या, त्या आबांनीच. कोण कुणाला भेटणार हे त्यांना तोंडपाठ असे. सगळ्यांच्या गळाभेटी झाल्या की आबा मांडवाच्या खांबाला टेकून हाताची घडी घालून उभे. त्यांना कुणाशी भेटवायचं हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. मलाही नाही.

अशा माणसाच्या आयुष्यात टीव्ही आला. म्हणजे आमच्या घरी आला, लाकडी दारांच्या पेटीतला, आणि छपरावरचा अँटेना फिरवायचं काम आबांनी आपणहून अंगावर घेतलं. धुक्यात ते वर दिसत नसत, नुसत्या किल्ल्या वाजत आणि वरून विचारणा येई, "आली का मानसं?" त्या दिवसांत दर आठवड्याला एका चाळीतल्या कुटुंबाची मालिका लागायची. तिच्यात एक माणूस होता. दर भागात तो एकदा यायचा, छत्री खिळ्याला अडकवायचा, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा. घरातली बाई त्याच्या हातात चहा द्यायची. तो प्यायचा, "बरं, निघतो" म्हणायचा आणि जायचा. तो कोण, हे कुणी सांगेना. त्याचं नाव कुणी घेईना.

या एका माणसापायी बाजारात दोन महिने तट पडले होते. केशकर्तनालयात तो त्या घराचा मालक ठरला होता, भाडं थकल्यामुळे चहावर समाधान मानणारा. शेजारच्या मास्तरांच्या मते तो साध्या वेशातला पोलीस. त्याची सदाशिव, विष्णुपंत, भास्करराव अशी बारशी होऊन गेली. आबांचा निकाल मात्र पहिल्या भागापासून एकच होता. तो बाईचा सख्खा भाऊ, म्हणजे पोरांचा मामा, आणि त्याचं नाव दत्तू. दत्तूच का, असं विचारलं की म्हणत, "त्याच्या तोंडावर लिवल्यालं हाय." मास्तर चिडून म्हणाले की तोंडावर काही लिहिलेलं नाही, नुसत्या मुंग्या दिसतात. त्यावर आबांनी मास्तरांशी आठ दिवस अबोला धरला. आपण चुकलो असं आबा जन्मात कधी म्हणाले नव्हते, आणि त्याची वेळही कुणी आणली नव्हती.

ती आणली माझ्या सासऱ्यांनी, आणि तीसुद्धा ते माझे सासरे व्हायच्या आधी.

सोमाटणे फाट्यावर त्यांचं चहाचं हॉटेल. त्यांच्या मुलासाठी माझी बोलणी चालली होती. जुळवणी अर्थात आबांचीच. मुलाला मी एकदाच पाहिलं होतं. बघायला आला तेव्हा निघताना दारात सांडलेलं पाणी त्याने पायपुसण्याने पुसलं होतं, कुणी बघत नाही असं समजून. मी बघत होते. हे लग्न मला हवं होतं, दुसरं कुठलंही नको होतं. सुपारी फोडायच्या दिवशी मंडळी आली, देण्याघेण्याचं ठरलं, ताटात सुपारी ठेवली गेली, आणि नेमकी मालिकेची वेळ झाली. पाहुण्यांकडे टीव्ही नव्हता. एवढं बघू आणि मग सुपारी फोडू, असं त्यांनीच सुचवलं. माझे वडील काय बोलणार?

छत्री खिळ्याला अडकली, माणूस खुर्चीत बसला. आबा कौतुकाने म्हणाले, "ह्यो मामा." सासऱ्यांनी मान हलवली. मामाबिमा काही नाही, म्हणाले, परका माणूस आहे. आबा हसले. सासरे हसले नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते, आणि दोन म्हाताऱ्यांचे आवाज पायरीपायरीने चढत गेलेले मला ऐकू येत होते. मालिका संपली, बातम्या लागल्या, त्या कुणी ऐकल्या नाहीत. वडील मधेच "राहू द्या की" म्हणत होते, ते दोघांच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. आबा म्हणाले, "बाई त्याला साखर किती ते इचारती का? न्हाई. भावालाच इचारत न्हाईत."

"आबा, माझी हयात च्या इकण्यात गेली," सासरे म्हणाले. "फुकट च्या पिणारा मला पाठमोरा बी वळखू येतो. कुणाचा कुणी न्हाई त्यो. लोकांच्या घराची सवय लागल्याला परका मानूस."

आई तेव्हा ट्रे घेऊन दारात आली होती. ट्रेमध्ये पाहुण्यांचे कप आणि बाजूला आबांचा गुळाचा चहा. ती तिथेच थांबली. वडिलांनी खाली पाहिलं. सासऱ्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना आबांचं घरदार काय ठाऊक, पण शब्द तर पडला होता. आबांचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला. उलट उत्तर आलं की सासरे उठणार हे उघड होतं, कारण शेजारी काढून ठेवलेली टोपी त्यांनी डोक्यावर ठेवली होती. ताटातली सुपारी तशीच होती. आबा आता काही बोलू नयेत असं मला वाटत होतं, आणि त्यांनी गप्प बसू नये असंही वाटत होतं.

आबांनी एकदा दाराआड माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बराबर हाय तुमचं. परकाच असंल."

सुपारी फुटली. पेढे वाटले गेले. सगळ्यांचे चहा संपले तेव्हा ट्रेमधला गुळाचा चहा तसाच होता, आणि बाक रिकामा होता.

त्यानंतर आबा संध्याकाळचे यायचे बंद झाले. बंगल्यांची कामं निघालीत, असा निरोप येई. आई काही दिवस गुळाचा चहा टाकत राहिली, मग तो तिनेच प्यायला सुरुवात केली, आणि तिला गूळ मुळीच आवडत नसे. मालिकेच्या वेळी टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत आणि छपरावर कुणी नसे. मला रागही आला होता, वाईटही वाटत होतं. माझ्यासाठीच त्यांनी माघार घेतली होती, आणि त्याबद्दल आभार मानायलासुद्धा ते समोर येत नव्हते.

लग्नाला आबा आले. न येऊन करतात काय? पण त्या दिवशी किल्ल्या वाजल्या नाहीत. जुडगा रुमालात गच्च बांधला होता. व्याहीभेटीच्या जोड्या त्यांनी दुसऱ्याला सांगून ठेवल्या आणि स्वतः मांडवाबाहेर चपलांच्या ढिगापाशी जाऊन बसले. माझ्या आईला सख्खा भाऊ नाही. म्हणून सुदुंबऱ्याहून तिचा एक लांबचा चुलतभाऊ मामा म्हणून आणला होता. त्याने मला लहानपणी एकदा पाहिलं होतं आणि आता नवा कोट शिवला होता. भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." कोट पुढे आला. मी पाटावरून उठले नाही.

मुहूर्त जवळ येत होता. आईने दंडाला चिमटा काढला. बायका कुजबुजू लागल्या, काय झालं, काय झालं, आणि मांडवातून सासरे स्वतः आत आले. त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. तरी मी म्हणाले, "माझे मामा बाहेर बसलेत, चपलांपाशी. त्यांना बोलवा. साखर किती, असं आई त्यांना कधी विचारत नाही."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपला शब्द कुणाला लागला होता, ते त्यांना तेव्हा कळलं असावं. ते तसेच बाहेर गेले. येताना त्यांनी आबांचा दंड धरलेला होता, पोलिसाने धरावा तसा. "चला," ते आबांना म्हणत होते, "पोरगी खोळंबलीया." सुदुंबऱ्याच्या कोटाचं तोंड उतरलं, पण त्यालाही फेटा बांधून वेळ निभावली. लाऊडस्पीकरवाल्याने मामांच्या मानाचा फेटा पुकारायला नाव विचारलं. तेव्हा आमच्या लक्षात आलं की रोज चहाला येणाऱ्या या माणसाचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांनी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे.

आबा पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाले, "दत्तू."

मला घेऊन बोहल्यापर्यंत येताना ते खालीच बघत चालले. माझा हात मात्र त्यांनी फार घट्ट धरला होता.

मालिका पुढे संपली. त्या माणसाचं नाव शेवटपर्यंत कुणी घेतलं नाही. आबा त्यानंतर सोमाटण्याला माझ्याकडे येत, हॉटेलच्या बाकावर अगदी कडेला बसत, आणि सासरे स्वतःच्या हाताने गुळाचा चहा करून त्यांच्यापुढे ठेवत. आता दोघेही नाहीत. पण आबा गेल्यावरची एक दुपार मला अजून आठवते. माझ्या धाकट्या मुलाने लग्नाचा फोटो पेटीतून काढला आणि फेट्याखाली अर्धा झाकलेला चेहरा दाखवून हा कोण म्हणून विचारलं. मी फोटो पदराने पुसला. सासरे गल्ल्यावरून म्हणाले, "त्यो तुज्या आईचा मामा, दत्तूमामा." मग कुणी काही विचारलेलं नसताना, रिकाम्या बाकाकडे बघत म्हणाले, "टीव्हीतला बी मामाच व्हता म्हणा. मलाच वळखता आला न्हाई."